डुकरिणीची अंगाई

आषाढ शुद्ध एकादशी, शके १९४७. रविवार

आज चातुर्मासाचा संकल्प सोडला. रोज पन्नास ओव्या, कार्तिकी एकादशीस समाप्ती. माझा हा बेचाळिसावा चातुर्मास.

पोथी एकट्याने वाचावयाची नसते. वडिलांच्या काळापासून आमच्या घरचा नियम असा की, वाचणारा एक आणि ऐकणारा एक. ओवी संपली की ऐकणाऱ्याने हुंकार द्यावयाचा. हुंकार आला नाही तर ती ओवी पोहोचली नाही असे समजून पुन्हा वाचावयाची. संकल्पातही ‘श्रोत्यासह’ असा शब्द उच्चारावा लागतो. माझी श्रोती म्हणजे माझी पत्नी साळूबाई. ओवीच्या अखेरीस मी उजवा तळहात मांडीवर ठेवतो आणि तिचा ‘हं’ येतो. एवढी वर्षे हा हात आणि हा हुंकार यांत श्वासाचेही अंतर पडलेले नाही. पहिल्या वर्षी घरात एक दुःख झाले होते. हिचे मन थाऱ्यावर यावे म्हणून वडिलांनीच हिला श्रोती करावे असे सुचविले. ते बरोबर होते. हळूहळू ती शांत झाली, आणि गेल्या दहाबारा वर्षांत तर तिने माझ्याशी वाद घालणेच सोडले आहे. मी बोलतो, ती माझ्या मुखाकडे एकाग्र पाहत राहते. श्रवणभक्तीचे याहून मोठे फळ कोणते?

सायंकाळी रखमाजीच्या ओट्यावर प्रवचन झाले. रखमाजी माझा शाळेपासूनचा सोबती. चातुर्मासाच्या आरंभी गेली वीस वर्षे मी श्रवणावरच बोलतो. ज्याने पूर्वजन्मी संतांची निंदा आवडीने ऐकली, त्याचे कान या जन्मी बंद होतात, बहिरेपण हा शरीराचा रोग नसून पापाची पावती आहे, हे मी आजही निःसंकोच सांगितले. आमच्या तीर्थपुरी गावची मंडळी स्तब्ध बसली होती.

घरी परतलो तो मधल्या खोलीत माझी नात पायल भ्रमणध्वनीवर चित्रे पाहत होती. रंगविलेले प्राणी नाचत होते आणि मनुष्यवाणीने गात होते. एकादशीच्या दिवशी! मी आंघोळ केली.

आषाढ वद्य तृतीया

पायल सहावीत आहे. तिच्या शाळेने जो अभ्यास दिला आहे तो येथे नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढील पिढ्यांना अधःपाताचा आरंभ कोठून झाला ते कळेल. ‘आमच्या घरातील प्रत्येकाचे कार्टून चित्रपटातील आवडते गाणे, आणि ते का आवडते.’ पाच माणसांची पाच पाने. दिवाळीनंतर वही द्यावयाची.

मी तीस वर्षे संस्कृत शिकविले. मुलांनी पाठांतरात चूक केली तर मला अन्न गोड लागत नसे. आणि आता मुलांना गृहपाठ म्हणून हे!

“आबा, तुमचं कोणतं लिहू?” पायल वही घेऊन पुढ्यात आली.

“माझे पान कोरे ठेव.”

“बाईनं सांगितलंय, कोरं ठेवायचं न्हाई.”

“मग लिही, की आमचे आजोबा मनुष्य आहेत.”

ती हसली. तिच्या आईने, म्हणजे आमच्या सुनेने, साधनाने, पोळी लाटता लाटता आपले गाणे सांगून टाकले. साधना येथल्याच एका खासगी शाळेत शिक्षिका आहे. शिक्षिका! तिचे गाणे शेणकिड्याचे आहे. एक मादी शेणकिडा शेणाचा गोळा डोंगरावर ढकलीत नेते आणि गाते, ‘ढकल गं बाई ढकल गं, गोळा मोठा, डोंगर मोठा, मागं वळून बघू नको, माथा अजून लांब गं.’

“का आवडते?” मी विचारले. माझ्या स्वरातील तिटकारा तिला कळला असावा.

“मामा, सकाळी साडेपाचला उठते, दोघांचे डबे, मंग शाळा, मंग पेपर तपासणं, मंग पुन्हा चूल. माझ्यावर कोनी तरी पहिल्यांदा गाणं लिहिलं, बगा.”

“शेणावर लिहिले आहे, साधना.”

“तेच म्हनते मी.”

माझा मुलगा राधेश्याम जालन्यास बियाण्याच्या कंपनीत आहे, शनिवारी येतो. त्याच्या पानावर पायलने लिहिले आहे, ‘बाबांना कोणतंही चालतं, पण आवाज कमी.’ या घरात विवेक असलेला तो एकटाच.

श्रावण शुद्ध प्रतिपदा

आज जे पाहिले त्याने मन विटले. साळूबाई माजघरात भिंतीला टेकून बसली होती. डोक्यावर पदर, आणि पदरावरून काळे, जाड, दोन वाट्यांसारखे यंत्र कानांवर चढविलेले. राधेश्यामने पायलला आणून दिलेला हेडफोन. समोर भ्रमणध्वनी, त्यात चित्रे. हिचे ओठ हलत होते.

मी हाक मारली. एक नाही, चार. शेजारी चुलीवरच्या कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, वरण करपल्याचा वास सुटला होता, आणि ही हसत होती. मोह म्हणतात तो असा असतो. इंद्रिये जागच्या जागी असतात, पण मालक घरी नसतो.

साधना धावत आली आणि कुकर उतरवून सासूच्या कानाजवळ तोंड नेऊन ओरडली, “आत्या! शिट्ट्या झाल्या की!”

सून सासूवर ओरडते हे माझ्या घरात मी प्रथमच पाहत होतो असे नाही. हल्ली ती नेहमीच ओरडते. आज मात्र मी बोललो. “साधना, वडीलधाऱ्यांशी हा स्वर शोभत नाही.”

साधनाने सासूकडे पाहिले. सासूने तिच्याकडे पाहून नकारार्थी मान हलविली. साधना म्हणाली, “चुकलं, मामा.”

स्त्रियांची ही खूणभाषा मला आवडत नाही.

श्रावण शुद्ध पंचमी. मंगळवार

नागपंचमी. पूजा झाल्यावर पायलची वही हाती लागली. आजीच्या पानावर आधी एक गाणे लिहून खोडले आहे. ते गोगलगाईचे आहे. ‘घर माझं पाठीवर, दार माझं पोटाशी, कुणी म्हणो परकी मला, मी माझ्याच ओट्याशी.’ खाली आजीचे उत्तर जसेच्या तसे.

‘माझं माहेर हसनाबाद. लग्न झाल्यावर भावानं म्हटलं, तुझं घर तीर्थपुरी. तीर्थपुरीला सासूबाई म्हणायच्या, तुमच्या हसनाबादला असं करत असतील, आमच्या घरात न्हाई. हिचं बरं हाय. पाठीवरच घर. कोनाला विचारायलाच नको.’

गोगलगाय! जिच्या अंगाचा चिकट लाळेसारखा माग सकाळी ओट्यावर दिसला तरी मी पाणी टाकून घेतो, तिच्यात हिला स्वतःचे रूप दिसावे? ऋषींनी आत्मा काय आहे हे सांगण्यासाठी देह झिजविले, आणि बेचाळीस वर्षे ते ऐकलेल्या स्त्रीने शेवटी ओळख सांगितली ती गोगलगाईशी. माझ्या मातोश्री तसे बोलत असत, हे खरे आहे. परंतु ते बोलणे प्रेमाचे होते.

“हे का खोडले?” मी पायलला विचारले.

“आजीला दुसरं जास्त आवडलं. ते मी तुम्हाला दाखवणार न्हाई. तुम्ही चिडाल.”

श्रावण वद्य तृतीया

पोथीचे कपाट उघडताना उजव्या हाताला गांधीलमाशी डसली. पंजा भाकरीसारखा फुगला. साधनाने हळद लावून हात कापडाने गळ्यात बांधला.

तसाच पोथीला बसलो. पहिली ओवी वाचली. हुंकार नाही. पुन्हा वाचली. नाही. तिसऱ्यांदा वाचीत असताना ओवीच्या अगदी मध्यात, जेथे वाक्यही पूर्ण झालेले नाही तेथे, ‘हं’ आला. पुढे दोन ओव्या काहीच नाही, आणि मग मी खोकलो तर लगेच ‘हं’!

नवव्या ओवीला मी पोथी मिटली. “साळू, तुझे लक्ष कोठे आहे?”

ती माझ्या ओठांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “हात लई दुखून राह्यला का तुमचा?”

हातावर विषय नेऊन उत्तर टाळणे! तिचे चित्त त्या चित्रांत आहे हे आता निर्विवाद झाले. पन्नासाऐवजी केवळ नऊ ओव्या झाल्या. संकल्पाला तडा गेला तर दोष कोणाचा? रात्रीचे जेवण मी टाळले. कोणी दोनदा विचारले नाही.

श्रावण वद्य पंचमी

हाताची सूज उतरली. हुंकार जागेवर आला. प्रायश्चित्त म्हणून राहिलेल्या ओव्या आज वाचून घेतल्या. तिला मी काही बोललो नाही. क्षमा ही मोठी गोष्ट आहे.

भाद्रपद शुद्ध चतुर्थी. बुधवार

गणपती बसले. आरती झाली, मोदक झाले, आणि प्रसाद वाटून मी पाय धुण्यास मागील दारी गेलो, तर तेथे आजी-नात. पायल बोट धरून शिकवीत होती आणि साळूबाई गात होती. हो, गात होती. तिचा गाण्याचा आवाज मी लग्नाच्या आरंभीच्या वर्षांनंतर ऐकला नव्हता. मीच तेव्हा सांगितले होते की गृहस्थाच्या घरी बाईचा सूर उंबऱ्याबाहेर जाऊ नये. आवाज जाडाभरडा, सुरात नाही. शब्द मात्र स्पष्ट.

‘एक निजलं चिखलात, दोन निजली उन्हात, तिसऱ्याचं नाक ओलं, चौथ्यानं शेपूट चोखलं...’

ही एका डुकरिणीची अंगाई आहे. चिखलात लोळणारी डुकरीण आपल्या पिलांना मोजून निजवते. अकरापर्यंत येते आणि थांबते. ‘अकरा झाली, बारावं कुठं? पुन्हा मोजते, निजा मुकाट.’ मग पुन्हा पहिल्यापासून. गाणे असेच फिरत राहते.

गणेशचतुर्थीच्या दिवशी, माझ्या घरात, डुक्कर!

“आबा, चिडू नका ना,” पायल म्हणाली. “आजीला फक्त हेच ऐकू येतं.”

“तेच तर माझे दुःख आहे,” मी म्हणालो. “हिला आता हेच ऐकू येते. पोथी ऐकू येत नाही.”

पायल माझ्याकडे विचित्र नजरेने पाहू लागली. मी तिच्या कानांवरून हेडफोन उचलला आणि पोथीच्या कपाटात टाकून कुलूप लावले. किल्ली जानव्यासारखी गळ्यात घातली. साळूबाईने दोन्ही हात कानांवर ठेवले, थंडी वाजल्यावर ठेवतात तसे, आणि आत गेली.

सायंकाळी रखमाजीला हे सांगितले. तो तंबाखू मळीत ऐकत होता.

“डुकरीण म्हणता?”

“डुकरीण.”

“गुरुजी, तुमीच तर सांगता, देवानं पृथ्वी वर काढायला कोणता अवतार घेतल्ता?”

“ती गोष्ट वेगळी.”

“काहून वेगळी? ते काय धुतलेलं डुक्कर व्हतं का?”

ओट्यावरची माणसे हसली. वीस वर्षे मी ज्या ओट्यावर बोललो तेथे माझ्यावर हसू आले. मी उठून आलो.

भाद्रपद शुद्ध दशमी

पायल माझ्याशी बोलत नाही. साधना बोलते, पण फक्त ‘हो मामा’. साळूबाई दिवसभर मागील दारी बसते. दारातून दूधवाला हाक मारून गेला, हिने भांडे नेले नाही. रुसवा किती ताणावा यालाही मर्यादा असते.

भाद्रपद वद्य नवमी

वडिलांचे श्राद्ध. ब्राह्मण वडीगोद्रीहून आले होते. पाने मांडून झाली आणि मी पाहतो तर शेवटच्या पानाशेजारी एक लहानशी वाटी. तिच्यात दूध. तिच्याखाली अर्धे फाडलेले केळीचे पान.

ही दर वर्षी असेच करते. दर वर्षी मी ती वाटी उचलतो. ज्या बालकाला दातही आलेले नव्हते त्याचे श्राद्ध नसते. त्याला तिथी नसते, पिंड नसतो, सुतकही नाममात्र. शास्त्र निष्ठुर नाही. ते म्हणते की असा जीव कोणाचा झालाच नव्हता, म्हणून त्याच्यासाठी काही करावयाचे नाही. सात महिन्यांची होती आमची मुलगी. तिचे नाव लिहिणेही उचित नव्हे.

मी वाटी उचलली. साळूबाईने ती माझ्या हातातून घेतली आणि मागील दारी गेली. जाताना तिचे ओठ हलत होते. मला वाटले जप करीत असेल. आकडे होते. नऊ, दहा, अकरा.

मला त्या गाण्याची इतकी शिसारी आली की जेवण गेले नाही. श्राद्धाच्या दिवशीसुद्धा!

आश्विन शुद्ध तृतीया

आठ दिवस पावसाने उसंत दिलेली नाही. वीज जाते, येते. मला सर्दीने ग्रासले आणि आज कंठ पूर्ण बसला. ओठ हलतात, ध्वनी उमटत नाही. संकल्प तर मोडता येत नाही. विचार केला, परमेश्वर अंतर्यामी आहे, मनातल्या ओव्या तो ऐकेल. चौरंगावर पोथी मांडली, ओठ हलविले, ओवी संपताच हात मांडीवर ठेवला.

‘हं.’

मी थक्क झालो. दुसरी ओवी. ‘हं.’ पन्नासच्या पन्नास ओव्या. एकही ध्वनी माझ्या मुखातून निघाला नाही आणि एकही हुंकार चुकला नाही!

हे काय आहे? दोन जीव एकाच नामात इतके मुरले आहेत की वाणीची गरज उरली नाही. बेचाळीस वर्षांच्या तपाचे फळ मला आज दिसले. तिच्यावर जो संशय घेतला त्याची लाज वाटली. हेडफोन परत करावा काय?

आश्विन शुद्ध चतुर्थी

कंठ थोडा मोकळा झाला. कालचे आश्चर्य मनातून जात नाही. दिवसभर त्याचाच विचार करतो. ऐक्य एवढे खरे, तर माझा हात गळ्यात बांधलेला होता त्या दिवशी ते कोठे गेले होते?

आश्विन शुद्ध पंचमी

लिहितो. घडले तसे लिहितो.

आज आवाज परतला होता. पाचच्या सुमारास पोथीला बसलो आणि पहिली ओवी स्पष्ट, उंच स्वरात वाचली. हात मात्र मांडीवर आणला नाही, गुडघ्यापाशीच धरून ठेवला. हुंकार नाही. ती माझ्या हाताकडे पाहत होती. पोथीकडे नाही, माझ्या मुखाकडे नाही. हाताकडे.

“आवो, हात कामून थांबला?” ती म्हणाली.

मी उपरणे तोंडावर धरले आणि विचारले, “साळू, तुला ऐकू येते का?”

तिचे डोळे माझे ओठ शोधीत राहिले. उपरण्यावर येऊन अडकले. मग तिला कळले की मला कळले आहे, आणि तिने मान खाली घातली.

पायल दारात उभी होती. “आबा, मी सांगितलं होतं तुम्हाला,” ती म्हणाली. “आजीला फक्त हेडफोनमधलंच ऐकू येतं.”

गळ्यातली किल्ली काढताना दोरा तुटला. कपाट उघडून हेडफोन साळूबाईच्या कानांवर चढविला. पायलने भ्रमणध्वनीत काहीतरी लावले आणि म्हणाली की आता यात बोलायचे, आजीच्या कानात मोठे होऊन जाईल. मी त्या वस्तूला तोंड लावले. पोथीवाचनाच्या पाटावर बसून. म्हणालो, “साळू.”

ती दचकली. मग माझ्याकडे पाहत राहिली आणि तोंडावर पदर घेऊन हसली.

“बई! तुमचा आवाज म्हातारा झाला की ओ.”

मी ती वस्तू पुन्हा तोंडाशी धरली.

“किती वर्षे?” मी विचारले.

“राधेश्यामच्या लग्नाच्या आदीपासून कमी व्हत गेलं. पायल झाली तव्हा मांडीवर रडून राह्यली व्हती, आन् मला तिचं तोंडच दिसलं, रडणं न्हाई. तव्हा समजलं.”

“मग सांगितले का नाही? साधनाला ठाऊक, या पोरीला ठाऊक. मला नाही?”

“मीच शप्पत घातल्ती त्यायला.”

“पण का?”

“तुमीच सांगता ना ओट्यावर, दर सालाला. पाप्याचे कान बंद व्हतात म्हून. ऐकू येत व्हतं तव्हा बराबर ऐकलंय मी ते.” ती थांबली. “मंग काय सांगू? मी पापी हाय म्हून?”

मी त्या यंत्रापाशी तोंड नेले. तिच्या कानात माझा श्वास तेवढा जात असावा.

“आणि हुंकार?”

“त्यात काय? हात पडला की हं म्हनायचं.”

“काहीच ऐकू येत नव्हते तर बसत का होतीस?”

“तेवढा घंटाभर तुमी माझ्याजवळ बसता,” ती म्हणाली. “बाकी दिवसभर कुठं बसता?”

आमच्याच नियमाने पाहिले तर अकरा चातुर्मासांतील एकही ओवी पोहोचलेली नाही. मी भिंतीला पोथी वाचीत होतो आणि भिंत सौजन्याने हं म्हणत होती. पण मला जी शिसारी आली आहे ती त्या ओव्यांसाठी नाही. मी ज्याला शांती समजलो, ज्याचे श्रवणभक्तीचे फळ म्हणून आषाढी एकादशीला याच वहीत कौतुक लिहिले, ते काय होते हे कळल्यानंतर ते पान पुन्हा वाचले. स्वतःच्याच अक्षराची एवढी किळस मला कधी आली नव्हती. चिखल, लाळ, शेण यांना निदान वास असतो, त्यामुळे ते लांबून ओळखू येतात.

आश्विन शुद्ध द्वादशी

राधेश्याम आम्हां दोघांना जालन्यास डॉक्टरांकडे घेऊन गेला. कानामागे लावावयाचे यंत्र मिळणार. डॉक्टर म्हणाले, वयाने होते, अनेकांना होते. मी त्यांना दोनदा विचारले की कारण काय. दोनदा त्यांनी वयच सांगितले.

परत येताना गाडीत साळूबाईने हेडफोन लावून गोगलगाय ऐकली. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. ते गाणे मला आजही सहन होत नाही.

आश्विन वद्य अष्टमी

यंत्र आले. पहिल्या दिवशी तिने घरातल्या प्रत्येक आवाजाची चौकशी केली. पंखा असा वाजतो काय, चिमण्या एवढ्या भांडतात काय, साधनाचा आवाज एवढा बारीक आहे काय. साधना म्हणाली, “आत्या, आता मला ओरडायला कोनी न्हाई राह्यलं,” आणि रडली. मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “जाऊ द्या मामा, गोळा मोठा व्हता.” मला ते समजायला वेळ लागला. समजल्यावरही शेणकिडा मला आवडला नाही.

पोथी यंत्र लावून सुरू आहे. आज सव्विसाव्या ओवीला साळूबाई म्हणाली, “ह्या लई लांब हायेत हो. एवढ्या लांब व्हत्या का पहिल्या?” हुंकार आता केव्हाही येतो, कधी येत नाही, कधी त्याच्या जागी प्रश्न येतो.

कार्तिक शुद्ध एकादशी. रविवार

समाप्ती झाली. ओट्यावर शेवटचे प्रवचन केले आणि त्यात ते वाक्य मागे घेतले. म्हणालो, बहिरेपणाविषयी मी जे वीस वर्षे सांगितले त्याला माझ्या अहंकाराखेरीज आधार नव्हता.

रखमाजी म्हणाला, “वीस साल कानात ठेवलं, गुरुजी. आता वापस कसं करायचं?”

कोणी हसले नाही. बायकांच्या बाजूने एक म्हातारी उठली, मला माहीतही नव्हते की तिला ऐकू येत नाही, आणि शेजारणीला हाताने विचारू लागली की मी काय म्हणालो. शेजारीण तिच्या कानात ओरडून सांगत राहिली. मी ते संपेपर्यंत खाली उतरलो नाही.

घरी आलो. पायलने वही आणून पुढ्यात ठेवली. उद्या द्यावयाची आहे. चार पाने भरलेली, पाचवे कोरे. आजीच्या पानावर डुकरिणीची अंगाई आणि ‘का आवडते’ यापुढे एकच ओळ होती, ‘ती मोजायचं सोडत न्हाई म्हून.’

मी ती ओळ दोनदा वाचली. मग साळूबाईच्या शेजारी जाऊन बसलो. पोथी बांधून ठेवलेली होती आणि पाचची वेळ होऊन गेली होती, तरी बसलो.

“ते म्हण,” मी म्हणालो.

“कोणतं?”

“तुझे. चिखलातले.”

“आज? एकादशीला?” तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. “तुमाला किळस येती ना त्याची.”

“येते.”

“बगा हं. मंग हुंकार द्यावा लागंल. मी एवढे वर्षं दिला.”

मी होकार दिला. ती गाऊ लागली. आवाज तसाच जाडाभरडा. शब्द भिकार, चाल त्याहून भिकार, आणि त्या डुकरिणीचे नाक माझ्या डोळ्यांपुढून हलेना. एक निजलं चिखलात. हं. दोन निजली उन्हात. हं. तिसरे, चौथे, सातवे. माझा हुंकार दोनदा चुकला, कारण तिचा हात कोठेही पडत नव्हता, मला खरोखर ऐकावे लागत होते. दहा. हं. अकरा. हं.

मग ती थांबली. गाण्यात जेथे थांबतात तेथेच. बारावे कोठे आहे हे विचारण्यासाठी तिने तोंड उघडले, आणि त्याआधी मी ते नाव घेतले. बेचाळीस वर्षांत न घेतलेले. येथेही पूर्ण लिहितो.

“दैवशाला,” मी म्हणालो.

साळूबाईने कानामागे हात नेला, यंत्र नीट बसले आहे ना ते चाचपले, आणि माझ्याकडे पाहून म्हणाली,

“हं.”